सर्वश्रेष्ठ सेंटर कोण? एका जुन्या वादाची साधनचिकित्सा

१/
सन १९६२. अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा हंगाम संपला, तेव्हा फिलाडेल्फिया वॉरियर्सचा सेंटर विल्ट चेंबरलेन याच्या नावावर दर सामन्यामागे ५०.४ गुण जमा होते. त्याआधी हा आकडा कोणी गाठला नव्हता आणि त्यानंतरही आजवर कोणी गाठलेला नाही. तरीही त्या हंगामातील सर्वांत मौल्यवान खेळाडूचा, म्हणजे एमव्हीपीचा, मान मिळाला बोस्टन सेल्टिक्सच्या बिल रसेलला. रसेलची सरासरी होती १८.९.

२/
खरी गंमत पुढे आहे. त्याच वर्षी लीगचा सर्वोत्तम पाच जणांचा संघ निवडण्यात आला. त्यात सेंटरच्या जागी चेंबरलेन होता आणि रसेल दुसऱ्या फळीत. म्हणजे एका निवाड्यानुसार रसेल हा संपूर्ण लीगमधला पहिला खेळाडू, तर दुसऱ्या निवाड्यानुसार तो स्वतःच्या जागेवरचाही पहिला नव्हे.

हा विरोधाभास कसा घडला? तेव्हा एमव्हीपीसाठी खेळाडू मतदान करीत, तर पहिला संघ पत्रकार आणि समालोचक निवडीत. मैदानात उभे राहून ज्यांनी खांद्याला खांदा घासला त्यांनी एक नाव घेतले. प्रेक्षागारात बसून ज्यांनी पाहिले त्यांनी दुसरे.

३/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा पेच नवा नाही. एकाच लढाईचे वर्णन एका बखरीत एक असते आणि छावणीतून गेलेल्या पत्रात वेगळे. दोन्ही साधने समकालीन, दोन्ही प्रामाणिक, तरीही निष्कर्ष निराळे. अशा वेळी कोणाचे खरे हे विचारण्याआधी विचारावे लागते की कोण कोठून पाहत होता आणि त्याला काय दिसणे शक्य होते.

बास्केटबॉलमधील सर्वश्रेष्ठ सेंटर कोण, हा वाद गेली सत्तर वर्षे याच प्रश्नाभोवती फिरतो आहे. वाद घालणाऱ्यांना मात्र आपण साधनचिकित्सा करीत आहोत याची कल्पना क्वचितच असते.

४/
आधी सेंटर म्हणजे काय ते पाहू. डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ तयार केला. आरंभीच्या काळात प्रत्येक बास्केटनंतर चेंडू पुन्हा मैदानाच्या मध्यभागी आणला जाई, पंच तो वर उडवी आणि दोन्ही संघांचे दोघे त्यासाठी झेप घेत. मध्यभागी उभा राहणारा तो सेंटर. साहजिकच संघातला सर्वांत उंच गडी त्या जागी येई. १९३७ साली ही दरवेळची उडी बंद झाली. नाव राहिले, काम बदलले. मध्यभागातला उंच माणूस आता रिंगखाली जाऊन उभा राहिला.

५/
तिथे उभा राहून ज्याने खेळाचे नियमच बदलायला भाग पाडले तो पहिला मोठा खेळाडू जॉर्ज मायकन. इलिनॉयमधील जोलिएटचा, १९२४ चा जन्म, ६ फूट १० इंच उंच, डोळ्यांवर जाड चष्मा. महाविद्यालयात असताना तो रिंगकडे खाली येणारा चेंडू हवेतच परतवून लावी. तो आणि बॉब कर्लंड या दोन उंच मुलांमुळे १९४४ मध्ये महाविद्यालयीन खेळात त्यावर बंदी आली.

पुढे मिनियापोलिस लेकर्सकडून त्याने विजेतेपदांची रांग लावली. १९४९ च्या डिसेंबरमध्ये न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनबाहेरील फलकावर लेकर्सचे नावच नव्हते. सामना होता ‘जॉर्ज मायकन विरुद्ध निक्स’.

६/
त्याला थोपवण्याचे उपाय दोन दिशांनी आले. पहिला उपाय निराशेतून. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन पिस्टन्सने ठरवले की चेंडू नुसता धरून बसायचे, म्हणजे मायकनच्या हाती तो पडणारच नाही. सामन्याचा निकाल : पिस्टन्स १९, लेकर्स १८. त्या १८ पैकी १५ गुण मायकनचे. एनबीएच्या इतिहासातला हा सर्वांत कमी गुणांचा सामना. असे कंटाळवाणे सामने वाढत गेले आणि अखेर १९५४ मध्ये २४ सेकंदांत चेंडू टाकलाच पाहिजे असा नियम झाला.

दुसरा उपाय लीगने केला. १९५१ मध्ये रिंगसमोरचा पट्टा ६ फुटांवरून १२ फूट रुंद करण्यात आला. आक्रमण करणाऱ्याला या पट्ट्यात तीन सेकंदांहून अधिक काळ थांबता येत नाही. मायकनची सरासरी एका हंगामात २८.४ वरून २३.८ वर आली.

७/
येथे क्षणभर थांबावे. मायकनच्या विरोधात आज नेहमी एक युक्तिवाद होतो : तो आजच्या खेळात टिकला नसता. असेलही. १९५४ मध्ये निवृत्त होऊन तो १९५५-५६ मध्ये २४ सेकंदांच्या खेळात परतला, तेव्हा ३७ सामन्यांत त्याची सरासरी १०.५ होती. पण ज्या माणसामुळे खेळाला आपली चौकट बदलावी लागली, त्याला बदललेल्या चौकटीच्या फूटपट्टीने मोजणे म्हणजे ज्याच्या माऱ्यामुळे तटबंदी उंच करावी लागली, त्याला ‘नवा तट तुला चढता आला नसता’ म्हणून नापास करण्यासारखे आहे.

८/
मायकनविषयीचा गंभीर आक्षेप वेगळाच आहे आणि तो उंचीचा किंवा चपळाईचा नाही. एनबीएमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश मिळाला १९५० मध्ये. म्हणजे मायकनचा बहराचा काळ बव्हंशी अशा मैदानावर गेला जिथे देशातील कित्येक उत्तम खेळाडूंना पाऊल ठेवण्याची मुभा नव्हती.

ते खेळाडू कुठे होते? हार्लेममधील न्यू यॉर्क रेनेसाँ, म्हणजेच ‘रेन्स’ या सर्वस्वी कृष्णवर्णीय संघाने १९३२-३३ मध्ये सलग ८८ सामने जिंकले आणि १९३९ मध्ये शिकागोतील जागतिक व्यावसायिक स्पर्धाही जिंकली. या संघाचा सेंटर होता चार्ल्स ‘टार्झन’ कूपर. ओरिजिनल सेल्टिक्स या त्या काळच्या नामांकित गोऱ्या संघाचा सेंटर जो लॅपचिक याने कूपरला आपल्या काळातील सर्वश्रेष्ठ सेंटर मानले होते. प्रतिस्पर्ध्याची साक्ष आणि तीही त्याच जागेवर खेळणाऱ्याची. याहून वजनदार समकालीन पुरावा दुर्मीळ असतो.

९/
मग फेब्रुवारी १९४८ येतो. शिकागो स्टेडियममध्ये १७ हजारांहून अधिक प्रेक्षकांपुढे मायकनचा लेकर्स आणि कृष्णवर्णीय खेळाडूंचा हार्लेम ग्लोबट्रॉटर्स हे संघ भिडले. ग्लोबट्रॉटर्स म्हणजे कसरती करून हसवणारे, अशी त्यांची ख्याती. अर्मर रॉबिन्सनच्या अखेरच्या फेकीवर त्यांनी सामना ६१-५९ असा जिंकला. पुढच्या वर्षी ते पुन्हा जिंकले.

एका-दोन सामन्यांवरून क्रमवारी ठरत नाही. तथापि, १९५० मध्ये देशभरातील पत्रकारांच्या मतदानात मायकनला अर्धशतकातील सर्वश्रेष्ठ बास्केटबॉलपटू ठरवण्यात आले, तेव्हा त्या अर्धशतकातील अर्धी पाने कोरी होती, एवढे या निकालांवरून दिसते.

१०/
मायकन १९५६ च्या वसंतात कायमचा निवृत्त झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये बिल रसेल बोस्टनला आला. दोघे एनबीएत एकमेकांसमोर कधीच आले नाहीत. अवघ्या काही महिन्यांची चुकामूक.

रसेलचा जन्म १९३४ चा, लुइझियानातील मन्रोचा. तो वाढला ओकलंडमध्ये. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाकडून दोन राष्ट्रीय विजेतेपदे, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकचे सुवर्ण आणि मग सेल्टिक्स. त्याला मिळवण्यासाठी प्रशिक्षक रेड आउरबाख यांनी एड मकॉली हा नावाजलेला सेंटर सेंट लुईसला देऊन टाकला आणि वर क्लिफ हेगनवरचा हक्कही सोडला. बोस्टनकडे तोवर बॉब कूझी होता, गुणांचा पाऊस होता, विजेतेपद मात्र एकही नव्हते.

११/
रसेलच्या १३ हंगामांत सेल्टिक्सने ११ विजेतेपदे पटकावली. मालिकेच्या निर्णायक सातव्या सामन्यात तो दहा वेळा उतरला आणि दहाही वेळा जिंकला.

त्याची कला बचावाची. इतर उंच खेळाडू चेंडू अडवताना तो प्रेक्षकांत भिरकावून देत. टाळ्या पडत, पण चेंडू पुन्हा प्रतिस्पर्ध्यालाच मिळे. रसेल चेंडू हलकेच वळवून स्वतःच्या सहकाऱ्याकडे टाकी आणि तिथूनच बोस्टनचे आक्रमण सुरू होई. एका कृतीत दोन कामे. शिवाय त्याच्या धाकाने जे फटके मारलेच गेले नाहीत त्यांची नोंद कोणत्या वहीत होणार? १९६२ च्या खेळाडूंनी त्याला मते का दिली, याचे उत्तर बहुधा येथे आहे. फेक मारण्याआधी ज्याचा हात अडखळतो त्यालाच ती भीती ठाऊक असते.

१२/
त्याच १९६१-६२ च्या हंगामाची सुरुवात कशी झाली हेही ध्यानात घ्यावे. ऑक्टोबर १९६१ मध्ये केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे सेल्टिक्सचा प्रदर्शनीय सामना होता. तिथल्या हॉटेलच्या उपाहारगृहाने सॅम जोन्स आणि टॉम सँडर्स यांना कातडीच्या रंगावरून खाणे नाकारले. रसेल आणि त्याचे कृष्णवर्णीय सहकारी सामना न खेळता निघून गेले. प्रतिस्पर्धी संघातील कृष्णवर्णीय खेळाडूंनीही तेच केले.

सहा महिन्यांनी हाच रसेल अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात ३० गुण आणि ४० रिबाउंड घेत होता. आकड्यांच्या तक्त्यात या दोन गोष्टी शेजारी येत नाहीत. इतिहासात येतात.

१३/
आता चेंबरलेन. फिलाडेल्फियाचा, ७ फूट १ इंच, धावण्यात आणि उंच उडीतही तरबेज. पन्नास गुणांची सरासरी हा आकडा खोटा नाही. फक्त तो वाचायचा कसा हे ठाऊक हवे.

१९६१-६२ मध्ये प्रत्येक संघ दर सामन्यात सरासरी १०७ हून अधिक वेळा रिंगकडे चेंडू फेकी. आज हा आकडा ९० च्या आत आहे. त्या फेकींपैकी निम्म्याहून अधिक चुकत, म्हणून रिबाउंडही उदंड. एका संघाला सामन्यात ७० च्या आसपास रिबाउंड मिळत, आज ४५ हूनही कमी मिळतात. शिवाय चेंबरलेन जवळपास एक मिनिटही बाहेर बसला नाही. सामना ४८ मिनिटांचा आणि त्याची सरासरी ४८.५ मिनिटांची, कारण जादा वेळाचे सामने त्यात धरले आहेत. दर सामन्यात तो एकटाच ३९ हून अधिक फेकी करी.

१४/
म्हणजे महागाईचा हिशेब धरावा लागतो. जुन्या दप्तरात ‘अमक्या होनांना गाव इजारा दिला’ असे वाचून आजच्या रुपयांत त्याची किंमत कोणी थेट काढत नाही. त्या काळात होनाला काय मिळे ते आधी पाहतात.

पण हा हिशेब केल्यावरही चेंबरलेन लहान होत नाही, हे त्याचे टीकाकार सोयीस्करपणे विसरतात. वेग सर्वांसाठीच तेवढा होता आणि रिंग सर्वांसाठीच दहा फुटांवर. त्याच लीगमध्ये, त्याच वेगात दुसरा कोणी पन्नासच्या जवळपासही नव्हता. आपल्या संघाचे सुमारे ४० टक्के गुण तो एकटा करीत होता.

१५/
२ मार्च १९६२ रोजी पेनसिल्व्हेनियातील हर्शी या चॉकलेटच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध असलेल्या गावी त्याने न्यू यॉर्क निक्सविरुद्ध १०० गुण केले. प्रेक्षक ४,१२४. दूरचित्रवाणीचा कॅमेरा एकही नव्हता. आज आपल्यापाशी आहे ती सामन्याची नोंदवही, चौथ्या सत्राच्या रेडिओ समालोचनाचे ध्वनिमुद्रण आणि ते प्रसिद्ध छायाचित्र : कागदावर हाताने ‘१००’ लिहून ते चेंबरलेनच्या हाती दिलेले. आकडा लिहिणारे गृहस्थ हार्वी पोलॅक, संघाचे प्रसिद्धीप्रमुख.

इतकी महत्त्वाची घटना आणि इतकी तुटपुंजी साधने! म्हणूनच हा सामना झालाच नाही, असे म्हणणारे समाजमाध्यमांवर अधूनमधून उगवतात. नोंदवही आणि ध्वनिमुद्रण असताना तो दावा टिकत नाही.

१६/
तपशील मात्र बोलके आहेत. निक्सचा नेहमीचा सेंटर त्या रात्री खेळला नाही. त्याच्या जागी आलेला डॅरल इमहॉफ चुका भरून बाहेर गेला. अखेरीस चेंबरलेनच्या हाती चेंडू जाऊ नये म्हणून निक्स इतर वॉरियर्सना मुद्दाम पाडत होते आणि चेंडू परत मिळावा म्हणून वॉरियर्स निक्सना पाडत होते. एरवी निम्म्याच फ्री थ्रो साधणाऱ्या चेंबरलेनने त्या रात्री ३२ पैकी २८ साधल्या. थोडक्यात, तो बास्केटबॉलचा सर्वोत्तम सामना नव्हता, तमाशाच जास्त होता. पण शंभर ते शंभरच.

१७/
या दोघांच्या तुलनेतला सर्वांत मोठा खड्डा मात्र आकड्यांतला नसून न मांडलेल्या आकड्यांतला आहे. एनबीएने अडवलेल्या फेकी, म्हणजे ब्लॉक, अधिकृतपणे मोजायला सुरुवात केली १९७३-७४ च्या हंगामापासून. रसेल १९६९ मध्ये निवृत्त झाला होता. चेंबरलेन १९७३ मध्ये, म्हणजे मोजणी सुरू होण्याच्या ऐन तोंडावर. परिणामी चेंडू अडवण्यात ज्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, त्या दोघांच्या नावापुढे अधिकृत नोंदीत एकही ब्लॉक नाही.

चेंबरलेननंतर लेकर्समध्ये त्याच्या जागी आलेल्या एल्मोर स्मिथने मोजणीच्या पहिल्याच हंगामात एका सामन्यात १७ ब्लॉक केले. तो विक्रम आजही उभा आहे. एल्मोर स्मिथ चांगला खेळाडू होता, पण हा विक्रम त्याच्याइतकाच वही उघडणाऱ्या कारकुनाचाही आहे.

१८/
बाद फेरीत रसेल आणि चेंबरलेन यांचे संघ आठ मालिकांत भिडले. रसेलचा संघ सात वेळा जिंकला. चेंबरलेनचा एकच विजय १९६७ चा. यावरून ‘रसेल जिंकणारा, विल्ट हरणारा’ ही लोककथा तयार झाली. लोककथा यासाठी की १९६२ ची ती मालिका सातव्या सामन्यात १०९-१०७ अशी सुटली आणि ती सोडवणारी शेवटची फेक रसेलची नव्हती, सॅम जोन्सची होती. रसेलभोवती उत्तम खेळाडूंचा जो गराडा होता, तसा चेंबरलेनला बराच काळ लाभला नाही.

१९६९ ची अंतिम मालिका तर शोकांतिकाच. सातव्या सामन्यात चेंबरलेन गुडघा दुखावून बाहेर आला. नंतर त्याने परत जाण्याची तयारी दाखवली, पण प्रशिक्षकाने त्याला उतरवलेच नाही. बोस्टन १०८-१०६ ने जिंकले. रसेलने नंतर त्याच्यावर जाहीर टीका केली. हे दोघे तोवर जिवलग मित्र होते. त्यानंतर बरीच वर्षे बोलचाल बंद राहिली, पुढे मात्र समेट झाला.

१९/
रसेलच्या बाजूने एक पुरावा असा आहे की तो वाचून क्षणभर छपाईची चूक वाटावी. १९६८-६९ या त्याच्या अखेरच्या हंगामात सेल्टिक्सने ४८ सामने जिंकले, ३४ हरले आणि विजेतेपद मिळवले. पुढच्या हंगामात, त्याच्याविना, त्यांनी ३४ जिंकले आणि ४८ हरले. सॅम जोन्सही त्याच वेळी निवृत्त झाला होता, हे येथे नोंदवायला हवे, नाहीतर वकिली होईल.

२०/
करीम अब्दुल-जब्बार या वादात येतो तो वेगळ्याच वाटेने. न्यू यॉर्कचा हा ७ फूट २ इंचांचा मुलगा तेव्हा लू अल्सिंडर या नावाने ओळखला जाई. यूसीएलए विद्यापीठासाठी त्याने तीन वर्षांत ८८ सामने जिंकले आणि २ हरले. १९६७ मध्ये महाविद्यालयीन खेळात डंक मारण्यावर बंदी आली आणि ती १९७६ पर्यंत टिकली. पुन्हा एकदा उंच माणसासाठी नियम. पण ज्याला रिंगमध्ये चेंडू ठोकता येत नाही त्याने तो दुरून, डोक्यावरून, एका हाताने अलगद सोडायला शिकावे, हे ओघानेच आले. करीमचा ‘स्कायहुक’ त्या बंदीच्या काळात घासून धारदार झाला. तो अडवण्याची युक्ती पुढची वीस वर्षे कोणालाही पुरती सापडली नाही.

२१/
सहा विजेतेपदे, सहा एमव्हीपी, ३८,३८७ गुण. हा गुणांचा विक्रम ७ फेब्रुवारी २०२३ रोजी लेब्रॉन जेम्सने मोडेपर्यंत जवळपास ३९ वर्षे करीमच्या नावावर होता. अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याची निवड १९७१ मध्ये झाली आणि पुन्हा १९८५ मध्ये. मधली चौदा वर्षे म्हणजे कित्येकांची अख्खी कारकीर्द.

शिवाय एमव्हीपीसाठी खेळाडूंनी मतदान करण्याची पद्धत १९८० पर्यंत चालली. म्हणजे करीमचे सहाही मान खेळाडूंच्या मतांवरचे. रसेलचे पाच आणि चेंबरलेनचे चारही तसेच. १९६० ते १९८० या २१ हंगामांत हा मान २० वेळा सेंटरला मिळाला. अपवाद एकच, १९६४ चा ऑस्कर रॉबर्टसन. या जागेचे सुवर्णयुग कोणते, याबद्दल वादाला जागा नाही.

२२/
पिढ्यांची तुलना अशक्य आहे असे म्हटले जाते. ते पूर्णांशाने खरे नाही. दोन राजांची कारकीर्द पाहिलेला एखादा वृद्ध दरबारी जसा उपयोगी पडतो, तसे सांधा जुळवणारे सामने येथे आहेत. चेंबरलेनने रसेलला दहा वर्षे झुंजवले. तरुण करीमने उतरत्या वयाच्या चेंबरलेनला. १९७२ मध्ये करीमचे गुण जास्त होते, पण ३५ वर्षांच्या चेंबरलेनचा लेकर्स मालिका जिंकला. १९८६ मध्ये ३९ वर्षांच्या करीमसमोर ह्यूस्टनचा तरुण हकीम ओलाजुवान आला आणि ह्यूस्टनने लेकर्सना ४-१ ने घरी पाठवले. १९९५ च्या अंतिम मालिकेत त्याच ओलाजुवानसमोर २३ वर्षांचा शकील ओनील होता.

या साखळीत एकही पिढी दुसरीपुढे हास्यास्पद ठरलेली दिसत नाही. ‘जुने खेळाडू आज टिकले नसते’ म्हणणाऱ्यांनी साखळीचा नेमका कोणता दुवा तुटतो ते दाखवावे.

२३/
ओलाजुवान लागोसचा, नायजेरियाचा. लहानपणी फुटबॉल आणि हँडबॉल खेळलेला. त्यामुळे त्याची पावले उंच माणसाची वाटतच नसत. १९९३-९४ च्या एकाच हंगामात तो एमव्हीपी, सर्वोत्तम बचावपटू आणि अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. असे तिहेरी यश दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आलेले नाही. ३,८३० ब्लॉकचा विक्रमही त्याचाच. अर्थात मोजणी सुरू झाल्यानंतरचा, हे आता वेगळे सांगायला नको.

त्याची दोन विजेतेपदे मायकल जॉर्डनच्या अनुपस्थितीमुळे मिळाली, हा आक्षेप अर्धाच खरा. १९९५ च्या बाद फेरीत जॉर्डन परतलेला होता. त्याच्या शिकागोला ऑर्लँडोने हरवले आणि त्या ऑर्लँडोला ह्यूस्टनने ४-० ने. त्याआधी त्या वर्षीच्या एमव्हीपीला, डेव्हिड रॉबिन्सनला, ओलाजुवानने मालिकाभर सरासरी ३५ गुणांनी झोडपले होते.

२४/
ओनीलचा बहर छोटा, पण २००० ते २००२ या तीन वर्षांतला त्याचा खेळ हा रिंगखालच्या बळाचा कळस होता. २००० च्या अंतिम मालिकेत सरासरी ३८ गुण आणि १६.७ रिबाउंड. त्याच्यावर उतारा काय, तर मुद्दाम पाडून फ्री थ्रो मारायला लावणे, कारण त्या तो निम्म्याच साधे. ओनील की ओलाजुवान यावर मित्रांमध्ये अबोला धरला जातो. बचावाचे माप घातले तर पारडे ओलाजुवानकडे झुकते.

२५/
त्यानंतर ही जागाच विरघळू लागली. ओनीलच्या २००० मधील एमव्हीपीनंतर पुढच्या सेंटरला तो मान मिळायला २०२१ उजाडले. मधल्या काळात तीन गुणांच्या फेकीने खेळ रिंगपासून दूर नेला. २०१२-१३ पासून ऑल-स्टार मतपत्रिकेवरून ‘सेंटर’ हा रकाना गेला आणि २०२३-२४ पासून वर्षाच्या सर्वोत्तम संघाचीही जागांनुसार निवड थांबली.

२०२१ चा तो सेंटर म्हणजे सर्बियातील सोंबोर गावचा निकोला योकिच. २०१४ च्या निवडीत ४१ व्या क्रमांकावर उचललेला, उडी बेताची, चाल संथ. तरी तीन एमव्हीपी, २०२३ चे विजेतेपद आणि २०२४-२५ मध्ये गुण, रिबाउंड व सहकाऱ्याला दिलेले यशस्वी पास या तिन्हींत दोन अंकी सरासरी. तो पुन्हा मैदानाच्या मध्यावर उभा राहून सारा खेळ फिरवतो. १८९१ च्या सेंटरची जागा एका अर्थाने त्यालाच परत मिळाली आहे. त्याची कारकीर्द चालू असल्याने निवाडा अपुराच राहणार.

२६/
मग क्रम काय? उपलब्ध साधनांवर आज एक नाव वर ठेवायचे तर ते करीमचे. कारण त्याचा दावा कोणत्याही एकाच प्रकारच्या पुराव्यावर उभा नाही. गुण, विजेतेपदे, सहखेळाडूंची मते, दीर्घकाळ, चेंबरलेनपासून ओलाजुवानपर्यंतच्या प्रतिस्पर्ध्यांशी झुंज : यातले एखादे साधन बाद केले तरी तो कोसळत नाही. रसेलचा दावा त्याहून मोठा असू शकतो, पण त्याचा गाभाच, म्हणजे बचाव, अधिकृत मोजणीच्या आधीचा आहे. पुराव्याअभावी दुसरा ठरलेला माणूस, असेच त्याचे वर्णन करावे लागेल आणि हा दोष वहीचा आहे. तिसरा चेंबरलेन, मग ओलाजुवान आणि ओनील. मायकनला या रांगेत बसवण्यापेक्षा रांग जिथून सुरू होते त्या दारात उभे करणे योग्य.

२७/
या यादीत नसलेली नावे मात्र छळत राहतात. टार्झन कूपर. सोव्हिएत संघाची सात फुटी उल्याना सेम्योनोवा, जिने १९७६ आणि १९८० चे ऑलिंपिक सुवर्ण जिंकले, पण जी पुरुषांच्या याद्यांत बसत नाही म्हणून चर्चेतच येत नाही. लिथुआनियाचा अर्विदास सबोनिस : १९८६ मध्ये पोर्टलँडने त्याच्यावर हक्क सांगितला, १९८८ मध्ये त्याने सोव्हिएत संघासाठी ऑलिंपिक सुवर्ण आणले आणि एनबीएत तो पोहोचला १९९५ मध्ये, तिशी गाठून, दुखापतींनी पाय जड झाल्यावर. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत, वरळीच्या डोममध्ये, एनबीएचे भारतातील पहिले सामने झाले, तेव्हा इंडियाना पेसर्सच्या चमूत त्याचा मुलगा दोमान्तास होता. तोही रिंगखालीच खेळणारा.

२८/
शेवटी पुन्हा रसेल. १९७५ मध्ये हॉल ऑफ फेमने त्याची निवड केली. खेळाडू म्हणून हा मान मिळणारा तो पहिला कृष्णवर्णीय. तो समारंभाला गेला नाही आणि सन्मानाची अंगठीही त्याने घेतली नाही. आपल्याआधी हा मान इतरांना मिळायला हवा होता, अशी त्याची धारणा होती. चक कूपर हा १९५० मध्ये एनबीएच्या निवडप्रक्रियेत घेतला गेलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. त्यालाही निवडले होते सेल्टिक्सनेच.

चक कूपरचे नाव हॉल ऑफ फेममध्ये लागायला २०१९ साल उजाडले. तोवर त्याच्या निधनाला पस्तीस वर्षे झाली होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये, ८५ व्या वर्षी, मोजक्या लोकांच्या उपस्थितीत रसेलने आपली अंगठी स्वीकारली.